वकील, मुन्सफ आणि आठ फरशा

१४ नोव्हेंबर १९४४, मंगळवार. दुपारी तीन.

ही वही यांनी साताऱ्याहून पाठवली, कोरे फुलस्केप कागद शिवून. पद्माचं टेंपरेचर दोन वेळा लिहायचं म्हणून. पण त्यात आता लिहिण्यासारखं काही राहिलेलं नाही. काल ९९.८. थर्मामीटर जुना आहे. तेव्हा वही दुसऱ्या कामाला घेते.

आज कुत्र्याची दोन पिल्लं घेतली. आमच्या माहेरी-सासरी कुत्रं कोणी पाळलेलं नाही. मीच पहिली.

कारण लिहून ठेवते. विश्रामबागेतला हा बंगला आम्ही मे महिन्यात घेतला, मोकळ्या हवेसाठी आणि मिरजेचे डॉक्टर जवळ म्हणून. हे साताऱ्यालाच असतात, जिल्हा कोर्टात शिरस्तेदार. पद्मा एकोणीस वर्षांची. तिला अशक्तपणा आहे. व्हरांड्यात खाटेवर पडून राहायचं, खाली वाकायचंसुद्धा नाही, अशी ऑर्डर. आणि दिवसभर तिचं काहीतरी पडत असतं. पेन्सिल, रुमाल, लोकरीचा गुंडा. मी अंघोळ झाल्यापासून जेवणं उरकेपर्यंत सोवळ्यात. भामाबाई धुणंभांडी बघणार की पेन्सिली उचलणार?

उपाय सुचला तो शेजारच्या रानाचे मालक जोतिबा सुभेदार यांच्यामुळे. ते पहिल्या लढाईत मेसापोटेमियाला होते. त्यांच्या साहेबाचं कुत्रं म्हणे नदीत उडी टाकून बदक आणायचं आणि हातात द्यायचं. "दाताचा वण न्हाई वैनीसाब! मेमसाहेबाला तर चष्मासुदिक आणून द्यायचं."

सुभेदारांच्या रानात सध्या आटपाडीचा धुळा धनगर खतासाठी मेंढरं बसवायला आलाय. त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झालेली. त्यातली दोन मागितली. कशाला हवीत ते सांगितल्यावर तो डोकं खाजवायला लागला. म्हणाला, "आवं आक्का, ह्ये मेंढराचं कुत्रं हाय. ह्ये काय आणून देत न्हाई. ह्ये वळतं. न्हाईतर राखत बसतं."

मी म्हटलं, शिकवलं की सगळं येतं.

"शिकवा की," तो म्हणाला. "तुमी लय शिकलेल्या."

संक्रांतीपर्यंत दोन्ही पिल्लं तयार. दोन महिने भरपूर झाले.

१५ नोव्हेंबर.

मी नावं ठेवली राजा आणि राणी. धुळा म्हणाला दोन्ही नरच आहेत. पद्माने नावं बदलली. जे सारखं भुंकतं ते वकील, जे ऐकता ऐकता झोपतं ते मुन्सफ. यांच्या नोकरीचा विचार करायला हवा होता, असं मी म्हटलं. ती हसली. हसता हसता खोकला आला, पाच मिनिटं थांबेना. भामाबाई पाठ चोळत बसली. मी चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून आत होते.

यापुढे पद्माला हसवायचं नाही. नियम क्रमांक एक.

१६ नोव्हेंबर. सकाळी.

टाइमटेबल. सकाळी साडेसहा ते सात आणि दुपारी चार ते पाच ट्रेनिंग. सामान: एक लोकरीचा बॉल, गुळाचे खडे. हुकूम एकच: "आण!" सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. सुभेदार म्हणतात हुकूम बदलला की पलटण बिघडते.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

पहिला दिवस बरा गेला. बॉल टाकला, "आण!" म्हटलं. दोघांनी बॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बॉल कसा आणायचा ते त्यांना कळावं म्हणून मी स्वतः जाऊन आणून दाखवला. असं तीस वेळा. पद्मा खाटेवरून म्हणाली, "आई, तुझी प्रगती छान आहे."

नियम क्रमांक एक मोडला. पुन्हा खोकला.

२१ नोव्हेंबर.

आज पद्माने विचारलं, "वेणी घालतेस का?" तिचे केस गुडघ्यापर्यंत आहेत, माझ्या आईवर गेलेले. मी सोवळ्यात होते. म्हटलं, दुपारी. दुपारी पिल्लांचा तास. मग भामाबाईनेच घातली. तिच्या हाताला वळण नाही, वेणी वाकडी झाली.

पद्मा दुपारभर नुसती पडून होती. मग म्हणाली, "आई, तुझ्या पाटापासून माझ्या खाटेपर्यंत आठ फरशा आहेत. तुला माहीत होतं?"

नव्हतं. मी मोजत बसत नाही. स्वयंपाकघराचा दरवाजा व्हरांड्याच्या या टोकाला आहे, माझा पाट त्याच्या तोंडाशी, आणि हवा त्या टोकाला चांगली. त्यात कोणी काय करायचं?

२६ नोव्हेंबर, रविवार.

डॉक्टर आले. अंडी द्या म्हणाले, रोज दोन. आमच्या घरात! भामाबाईने परसात वेगळी शेगडी मांडली आणि आपल्या चार कोंबड्याही आणल्या. मी तिकडे फिरकत नाही. औषध म्हणून मी मान्य केलंय.

डॉक्टर जाताना मिरजेच्या दवाखान्याचं बोलले. फुफ्फुसात हवा भरतात म्हणे, त्याला विश्रांती मिळते. लवकर केलं तर उपयोग होतो. मी म्हटलं, ती सुधारतेय. बांगड्या ढिल्या दिसतात त्या मुळातच मोठ्या मापाच्या घेतल्या होत्या.

वकील आज बॉलजवळ गेला. हुंगला. प्रोग्रेस.

३ डिसेंबर.

दोन्ही पिल्लांना एक वाईट खोड लागली आहे. भामाबाईच्या कोंबड्या गोळा करून कोपऱ्यात लावतात आणि समोर बसून राहतात. पंजा मारत नाहीत, चावत नाहीत, फक्त हलू देत नाहीत. एक कोंबडी निसटली तर वकील अर्धवर्तुळ घेऊन तिला परत आणतो. भामाबाईला कौतुक. "काय शाणं प्वार हाय!" मला काळजी. हीच हुशारी बॉलला लावली असती तर?

गूळ संपला. शेंगदाण्यांवर आणलं.

१२ डिसेंबर. संध्याकाळी.

फार वाईट झालं. थोडक्यात लिहिते.

नैवेद्याचं ताट वाढलं होतं. मी सोवळ्यात. उंबऱ्याशी काहीतरी हललं म्हणून वळून पाहिलं तर वकील. तोंडात अंडं. आख्खं. शेपटी हलवत उंबऱ्यावर उभा, पुढचा एक पाय आत. मी ओरडले आणि हातातला तांब्या पाण्यासकट त्याच्यावर ओतला. अंडं फुटलं. सगळा नैवेद्य पुन्हा केला. दोनदा अंघोळ. दिवस गार.

पद्मा तिकडून ओरडत होती, "आई, त्यानं आणलं! आई, त्यानं आणलं ना!"

दुपारी सुभेदार आले, त्यांना तिने सगळं सांगितलं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "दाताचा वण हुता का?" मी म्हटलं, मी पाहिलं नाही.

आत्ता विचार करते तर अंडं माझ्या ओरडण्यापर्यंत फुटलेलं नव्हतं. पण अंडं हे काही शिकवलेलं सामान नव्हे.

१३ ते २० डिसेंबर.

एकत्र लिहिते. वकील तोंडात काही धरतो, बॉल, रुमाल, चिंधी. चार पावलं येतो, आणि मी दिसले की थांबतो. तोंडातलं तिथंच टाकतो आणि खाटेखाली जाऊन बसतो. सोवळ्यात असताना तो अलीकडे आला तर पाणी शिंपडावं लागतं, त्याला इलाज नाही. पाणी म्हणजे मारणं नव्हे. डोकं तल्लख दिसत नाही. धनगरालाच निवडून द्यायला सांगितलं असतं तर दुसरं मिळालं असतं.

मुन्सफ झोपतो.

२४ डिसेंबर.

नाताळच्या सुट्टीत हे आले. आल्या आल्या चपला काढून थेट पद्माच्या खाटेवर बसले, बाहेरच्याच कपड्यांनी. बाहेरची धूळ तिला बाधते हे मी त्यांना पत्रातून कळवलं होतं. मुन्सफ नाव ऐकून म्हणाले, साहेबांच्या कानावर गेलं तर माझी बदली दापोलीला. पद्मा हसली. त्यांच्यापाशी बसून हसली तेव्हा खोकला कमी आला. हवामानाचा फरक असावा.

रात्री यांनी मिरजेचं काढलं. मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत थांबू. मला वाटतं माझं म्हणणं त्यांना पटलं. कंदील बारीक करून कुशीवर वळले.

२ जानेवारी १९४५.

नव्या वर्षाचे संकल्प:
रोज पद्माशी अर्धा तास गप्पा. (पाटावरून ऐकू जातं.)
ट्रेनिंग दीडऐवजी तीन तास.
रविवारी तिची वेणी मी स्वतः घालायची.

७ जानेवारी, रविवार.

सकाळपासून मला शिंका. दुसऱ्याची सर्दी पद्माला फार वाईट, डॉक्टरांनीच सांगितलंय. वेणी पुढच्या रविवारी.

भामाबाई भांडी घासता घासता कोणाला तरी म्हणत होती, "केसात काय रोग नसतो बाई." परसात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. कोंबड्यांना म्हणत असेल.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.

हळदीकुंकू केलं नाही. बोलावलं असतं तर बायका आल्या असत्या, पण गर्दी पद्माला सोसत नाही.

आज परीक्षेचा दिवस. संक्रांतीपर्यंत पिल्लं तयार करायची होती ना. छोटी परडी वकिलाच्या गळ्यात अडकवली, तीत तिळगूळ. मी पाटावर, पद्मा खाटेवर. मी म्हटलं, जा, पद्माला दे. तो निघाला. पहिली फरशी, दुसरी, तिसरी.  चौथ्या फरशीवर मुन्सफ जागा झाला. त्याने परडीत तोंड घातलं. दोघांनी मिळून संपवलं.

"मुन्सफानं माल जप्त केला," पद्मा म्हणाली.

 मग तिथूनच म्हणाली, "आई, क्षय म्हण. एकदा नुसतं म्हणून बघ. म्हटल्यानं लागत नाही."

मी म्हटलं, सणाच्या दिवशी भलतं बोलू नये. ती म्हणाली, बरं, गोड बोलते. आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

वेणीचं तिला आज आठवलं नाही.

१६ जानेवारी.

धुळा आला. मेंढरं घेऊन वर मेढ्याकडे निघालाय. त्याला म्हटलं, यातला एक परत घे, हा फक्त झोपतो. त्याने मुन्सफाच्या गळ्यात काथ्याची दोरी बांधली. मुन्सफ एकदाही मागे न बघता गेला, मेंढरांच्या मागे, जसं काही कोर्ट सुरू व्हायची वेळ झाली होती.

वकिलाची तक्रार सांगितली. हल्ली त्याने नवीन काढलंय. मी पाटावर बसले की मागून येतो, पदर दातात धरतो आणि ओढतो. खाटेच्या दिशेने. दोन लुगडी फाडली. मी काठी उगारली तर मागे सरून टाचेला हुंगतो, ढकलतो.

धुळा व्हरांड्याकडे बघत बसला. पद्माकडे बघितलं, पाटाकडे बघितलं. म्हणाला, "तसं न्हवं आक्का. त्येला मोजता येतं. ह्या घरात येक मेंढरू लांब बसतंय, त्ये त्येला खटकतंय. त्यो कळपात आणतूया."

अडाणी लोक काहीही बोलतात.

२५ जानेवारी.

पद्माच्या रुमालावर डाळिंबाचा डाग. भामाबाई म्हणते डाळिंब आठ दिवसांपूर्वीच संपलं. तिचं लक्ष नसतं.

टेंपरेचर १०१.४. नवा थर्मामीटर आणला आहे. हाही बरोबर नसावा.

२ फेब्रुवारी. दुपारी.

डाग नाही. रुमाल आख्खा भरलेला. भामाबाईने परसात जाळला. मला बोलावलं नाही. मी दरवाज्यात उभी होते. वकील माझा पदर ओढत होता आणि मी दाराची चौकट धरून ठेवली होती. पद्मा माझ्याकडे बघत होती. 

आज हे लिहिते. वाईला माहेरी आमची थोरली बहीण, चारूताई, मागच्या खोलीत सात महिने होती. मी बारा वर्षांची. तिचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवून काठीने आत सरकवायचं, हे माझं काम. काठी वेताची होती, टोकाला चिंधी बांधलेली, म्हणजे ताट खरडून आवाज होऊ नये. ताई आतून म्हणायची, अगं, शाळेत आज काय झालं ते तरी सांग. मी म्हणायचे, उद्या सांगते. मला घरच्यांनी थांबू नको असं सांगितलेलं. पण ते पुढच्या सोप्यात असायचे, त्यांना काही दिसत नव्हतं. मी थांबले असते तर कोणाला कळलंही नसतं.

हे इथं लिहायचं कारण नव्हतं. ही ट्रेनिंगची वही.

३ फेब्रुवारी.

डॉक्टर आणि सुभेदार दोघांनी मिळून यांना तार केली. मला न विचारता.

५ फेब्रुवारी.

हे रजा टाकून आले. मिरजेला जागा १९ तारखेला मिळेल. मी म्हटलं, ठीक आहे. हवा भरून आणायची, दोन महिन्यांत घरी. तोवर वकिलाचं ट्रेनिंग पुरं होईल. पद्मा आली की तिला त्याने पुस्तक आणून दिलं पाहिजे. बॉल बंद. आता थेट पुस्तकावर.

१८ फेब्रुवारी, रविवार.

उद्या निघायचं. पद्मा म्हणाली, "आज तरी वेणी घाल. तिथं नर्सबाई कापून टाकतील."

मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. उठले. फणी तिच्या उशीजवळ असते. सहा फरशा गेले. मोजल्या. वकील पुढे धावला, परत आला, पुन्हा पुढे धावला, नुसता वेडा झाला. पद्मा कोपरावर उठून बसली. तिचा चेहरा असा झाला की

तेवढ्यात आत दुधाचा आवाज आला. दूध उतू गेलं तर अपशकुन, आणि उद्या निघायचंय. मी आत गेले. दूध उतू गेलं नव्हतं. चुलीवर दूध नव्हतंच, आधण होतं.

परत बाहेर आले तर ती आडवी झाली होती. म्हणाली, "राहू दे. दमले." मी म्हटलं, मिरजेला येईन तेव्हा घालीन, रविवारी. ती म्हणाली, "फणी बरोबर नेऊ की इथं ठेवू?" मी म्हटलं, इथं ठेव, मी घेऊन येते.

वकील सहाव्या फरशीवर बसून होता.

१९ फेब्रुवारी, सोमवार.

टांग्यात मागे पद्मा, तिला एका बाजूने हे, एका बाजूने भामाबाई. मी पुढे टांगेवाल्याजवळ. थर्मास आणि गाठोडं कोणीतरी सांभाळायला हवं होतं.

वकिलाने तमाशा केला. टांगा फाटकाबाहेर पडला तसा घोड्याच्या पुढ्यात गेला, डावीकडून, उजवीकडून, टाचांना तोंड लावून घोड्याला परत फाटकाकडे वळवायला लागला. घोडा बुजला, खरोखर अर्धा वळला. टांगेवाल्याने चाबूक मारला, वकिलाच्या मागच्या पायावर बसला. तो ओरडला, पडला, तीन पायांवर उठून पुन्हा घोड्यापुढे. शेवटी सुभेदारांनी त्याला मानेला धरून उचललं. "वकीलसाब, खटला हरला. चला घरी," ते म्हणाले. 

पद्मा मागून विचारत होती, "लागलं का त्याला? बाबा, बघा ना, फार लागलं का?" मी पुढूनच सांगितलं, नाही, काही नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार.

मिरजेला गेले. वॉर्डात एका वेळी एकानेच जायचं. हे गेले. त्यांची रजा संपत आलेली, मला काय, मी इथलीच. मी बाहेर बाकावर डबा घेऊन बसले. जाळीतून तिची खाट दिसत होती, सातवी. तिने हात वर केला. मीही केला.

केस कापलेले नाहीत अजून. हे म्हणाले, ती कापू देत नाही. आई रविवारी येणार आहे असं सांगते नर्सबाईंना.

पण फणी आज घाईत घरी राहिली.

४ मार्च, रविवार. सकाळी.

आज वेणी घालायचीच. शेजारच्या बंगल्यात सांगून ठेवलंय, भामाबाईला सांगितलंय, म्हणजे आता माघार नाही. लुगडं साधं नेसले. सोवळ्याचा प्रश्न नाही, देवांची पूजा आज भटजी करतील.

फणी सापडत नाही.

त्याच दिवशी, दुपारी.

उशी, गादी, कपाट, पेटी, ट्रंक सगळं उलटं केलं. खाटेखाली वकील. तो हल्ली तिथून उठतच नाही, पाय दुखावलाय. बाहेर काढायला गेले तर गुरगुरला. खाटेखाली काय असणार, कुत्रं तेवढं. फणी नाही. साधी नव्हे, शिसवीची, दाट दातांची. पद्माच्या केसांना दुसरी चालत नाही, तुटतात.

टांगा परत पाठवला. रिकाम्या हाताने जाऊन काय करू? बुधवारी सांगलीच्या बाजारातून नवी आणते आणि जाते.

७ मार्च, बुधवार.

नवी फणी आणली. चांगली आहे. भामाबाई दारात उभी होती, लुगड्याचा काचा मारून, माझ्याबरोबर यायला तयार. मला घशात खवखव. म्हटलं, अशा घशाने जाणं बरं नव्हे, पद्माच्याच दृष्टीने. गुरुवारी नक्की.

भामाबाई म्हणाली, "फणी तिनं कवा मागितली वैनी? तिनं तुमास्नी मागितलं हुतं." आणि कोंबड्या हाकत निघून गेली.

हल्ली ती फार बोलते.

८ मार्च, गुरुवार.

पद्मा पहाटे गेली.

मी निघायच्या तयारीत होते. फणी पिशवीत ठेवलेली होती.

९ ते १९ मार्च.

सुतक. पूजा नाही, सोवळं नाही. दिवस लांब. हे भिंतीशी बसून असतात. मला कोणी काही म्हणत नाही.

धुळाचा निरोप सुभेदारांकडे आला. मेढ्याला मुन्सफ फर्स्टक्लास तयार झालाय. दोनशे मेंढरं एकटा वळतो. एकही मागे राहू देत नाही.

वकील खाटेखालीच. भाकरी तिथंच खातो. व्हरांडा झाडायला भामाबाई गेली तर तिला जाऊ देतो. मी गेले तर तोही मागे सरकतो, भिंतीपर्यंत.

२० मार्च, मंगळवार. दुपारी.

आज तेरावं झालं. घर धुतलं. खाट मोडीत काढायची म्हणून सुभेदार दोन माणसं घेऊन आले. वकिलाला भामाबाईने गोंजारून धरलं आणि खाट उचलली.

खाली, भिंतीच्या कोपऱ्यात, सगळं होतं. लोकरीचा बॉल. चार पेन्सिली. पद्माचे रुमाल, एक पायमोजा, परडीचा तुकडा, माझ्या फाडलेल्या पदराची चिंधी. आणि शिसवीची फणी, तिच्या दातांत केस गुंतलेले. एकावर एक रचल्यासारखं. एकाही वस्तूवर दाताचा वण नव्हता. सुभेदारांनी फणी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि परत तिथंच ठेवली.

"राखत बसलं हुतं," ते म्हणाले.

ती माणसं खाट घेऊन गेली. हे आत जाऊन पडले. व्हरांडा रिकामा. मी पाटावर बसले, सवयीने. तांब्याही सवयीने जवळ होता.

वकील त्या ढिगाजवळ बराच वेळ उभा राहिला. मग त्याने फणी तोंडात धरली आणि माझ्याकडे निघाला. लंगडत. आठवी फरशी. सातवी. सहावी. त्याने आणली. ज्यासाठी मी चार महिने घालवले ते त्याने आज केलं, हुकमाशिवाय.

सहाव्या फरशीवर थांबला.

मी म्हटलं, "आण." हळू म्हटलं. पुन्हा म्हटलं. नाव घेऊन म्हटलं. हात पुढे केला. त्याने फणी टाकली नाही आणि पुढेही आला नाही. कान पाडले, डोळे मिटले आणि अंग चोरून उभा राहिला, पाणी अंगावर यायची वाट बघत.

तांब्या रिकामा आहे. मी त्याला उलटा करून दाखवला. त्याने डोळे उघडले नाहीत.